तीन काचा

आमच्या आळीत कुणाचाही रिपोर्ट आला की तो आधी माझ्याकडे येतो, डॉक्टरकडे नंतर. कुणाची साखर, कुणाचा थायरॉईड, कुणाच्या गरोदर सुनेचं हिमोग्लोबिन. मी ओट्यावर बसून कागद उलगडते आणि समोरची माणसं कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बीएस्सी केलं, नोकरी काही लागली नाही, लग्न होऊन खोपोलीच्या अलीकडे, चौक गावाजवळच्या या गावात आले. पदवीचा उपयोग झाला तो एवढाच. माझ्या सासूबाई, गौराबाई, येणाऱ्याला चहा देता देता सांगतात, "आमची सोनाली कागद बघितला का मानूस किती दिवसाचा ते सांगते."

"आई, असं बोलू नका. लोक यायचे बंद होतील."

"होऊंदेत गं. माझी चहा-साखर तरी वाचंल."

म्हणूनच, सहा वर्षांच्या माझ्या रियाचा कागद मी वाचला आणि घरी खोटा सांगितला, तेव्हा तो पुन्हा कुणाला दाखवून घ्यावा असं घरात कुणाच्याच मनात आलं नाही.

गाठ मलाच सापडली होती. पौषात, तिला न्हाऊ घालताना. डाव्या कानाच्या खाली, जबड्याच्या मागे, वालाच्या दाण्याएवढी. दुखत नव्हती. त्या दिवसापासून मी ती गाठ रोज बोटानं मोजायला लागले. वेणी घालताना, झोपवताना, शाळेत सोडताना लाड केल्यासारखं करून. वालाच्या दाण्याची पंधरा दिवसांत सुपारी झाली. रिया वैतागायची. "आई, सारखी मान का चाचपतेस गं? मी काय वांगं आहे?"

गावातल्या डॉक्टरांनी दहा दिवस औषध दिलं. फरक पडला नाही, तेव्हा त्यांनी कर्जतला सुईची तपासणी करून घ्या म्हणून चिठ्ठी दिली. जितेश, माझा नवरा, खोपोलीला कारखान्यात आहे. त्या आठवड्यात त्याची पहिली पाळी होती. म्हणून मी एकटीच रियाला घेऊन गेले. सुई टोचली तेव्हा ती रडली नाही, माझा अंगठा मात्र तिनं मुरगळून ठेवला. चार दिवसांनी मी पुन्हा एकटीच जाऊन रिपोर्ट आणला. काउंटरवरच्या मुलीनं लिफाफ्याबरोबर एक छोटी प्लॅस्टिकची डबी दिली. "यात तिच्या तीन काचा आहेत, ताई. सुईतून निघालेलं यांच्यावर आहे. जपून ठेवा, मोठ्या डॉक्टरला लागतील."

बाहेरच्या बाकावर बसून मी वाचलं. एकसारख्या दिसणाऱ्या लहान गोल पेशी. लिम्फोमाची दाट शंका. गाठ शस्त्रक्रियेनं काढून तातडीनं तपासावी.

लिम्फोमा म्हणजे गाठींचा कॅन्सर, हे मला कुणी सांगायला नको होतं. पण 'शस्त्रक्रियेनं काढून' या दोन शब्दांवर मी अडकले. माझी मोठी बहीण, हर्षला, शेलू गावी राहायची. एकतीस वर्षांची होती. तिच्या गळ्याजवळ गाठ आली, ती तपासायला कापली आणि चार महिन्यांत हर्षला गेली. दहाव्याच्या दिवशी नदीवर बसलेल्या सगळ्या बाया एकच बोलत होत्या: गाठीला लोखंड लावायचं नसतं. लोखंड लागलं की ती खवळते, अंगभर पसरते. हे खरं नाही, हे मला ठाऊक होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पाच मार्कांचं उत्तर लिहून मी पाचही मिळवले असते. पण बाकावर माझ्या मांडीवर उत्तरपत्रिका नव्हती, रियाचं नाव असलेला लिफाफा होता. आणि दुसरंही एक होतं, ते लपवत नाही. बहिणीला गाठ, मुलीला गाठ. आमच्याकडे माणसं लगेच विचारतात, हे कोणाच्या माहेरून आलं?

संध्याकाळी जितेश डबा धुवायला टाकत म्हणाला, "काय गं, काय लिहिलंय?"

"साधी गाठ आहे. औषधानं जाईल."

"हुश्श. मी दिवसभर मशीनवर उभा होतो, पण लक्ष नव्हतं बघ." एवढं बोलून तो रियाला खांद्यावर घेऊन ओटीभर नाचला.

सासूबाई मात्र शेंगा सोलता सोलता थांबल्या. "सोनाली, तरी एकदा कागद मोठ्या डॉक्टरला दाखव. पोरीची जात हाय. मानेवर गाठ बरी नाय."

"दाखवीन आई."

मी लिफाफा आणि डबी रियाच्या तान्हेपणीच्या दुपट्यांच्या गाठोड्यात, सगळ्यात खाली ठेवली.

जुन्या हायवेला, गॅरेजांच्या मागे, विलास नावाचा एक माणूस बसतो. पाठ, सांधे, दमा, गाठी, सगळ्यावर पुड्या देतो. देव नाही, अंगारा नाही, अंगात स्वच्छ शर्ट, भिंतीवर कॅलेंडर. कदाचित म्हणूनच मला तिथे जायची लाज वाटली नाही. त्यानं रियाची मान नुसती पाहिली. "चिरायची नाय, टोचायची नाय. जंगलातली मुळी आहे, मधातून तीन वेळा द्यायची. एकवीस दिवसांत जिरते." मी ऐकायला गेले होते ते हेच होतं. घरी सांगितलं, डॉक्टरांनी दिलेली पावडर आहे.

आणि गाठ खरंच जिरायला लागली.

गाठ आल्यापासून रियाला संध्याकाळी बारीक ताप यायचा, तो चौथ्या दिवशी गेला. दहाव्या दिवशी सुपारीचा पुन्हा वालाचा दाणा झाला. पंधराव्या दिवशी मला ती शोधायला दोन बोटं दाबावी लागली. त्या दिवसांत मी किती हलकी झाले होते ते सांगता येत नाही. काम करताना गुणगुणायची. रियाला भूक तर अशी लागायची की तांदळाची दीड भाकरी खाऊन पुन्हा "बोंबील दे" म्हणायची. गाल वर आले. शेजारणी म्हणाल्या, पोरीनं बाळसं धरलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "भूक अशी नसते गं. ही भूक हावरी हाय." मला त्यांचा राग आला. आजी असून नातीच्या घासाला दृष्ट लावतात, असं वाटलं.

एकवीस दिवस झाले. गाठ अगदी थोडी राहिली होती, म्हणून मी आणखी पुड्या घेऊन आले. बाविसाव्या दिवशी सकाळी ठमी आली. ठमी वरच्या ठाकूरवाडीतली. हिवाळ्यात आवळे आणि मध घेऊन येते, पावसात रानभाज्या. माझ्या लग्नाआधीपासून ती या घरी येते, त्यामुळे बोलताना कुणाची भीड धरत नाही. मी मधाची बाटली घेतली आणि तिच्या समोरच पुडी सोडून चमच्यात मध ओतायला लागले.

"काय देतंस पोरीला?"

"औषध. जंगलातली मुळी आहे."

"कोनच्या जंगलातली?" ती पुढे सरकली. बोट ओलं करून तिनं पुडीतली चिमूट उचलली, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावली आणि बाजूला थुंकली. "ही मुळी नाय, बाय. मुळी कडू लागते, तुरट लागते, तिला मातीचा वास असतो. ही दुकानातली गोळी कुटलेली हाय. खडूचा भुगा आन् गोळी."

"तुला काय कळतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ठमी हसली. "मला मुळीच तेवढी कळते. कागद तुला कळतात." मग रियाकडे बघून ती हसायची थांबली. "पोरीचं तोंड बघ. भाकरीवानी फुगलंय. आमच्या वाडीतला शुक्रा म्हातारा असाच फुगलेला. गुडघ्यासाठी पुड्या खायचा. लय खायचा, लय फिरायचा. मंग पुड्या संपल्या नि दोन दिसांत आडवा झाला."

ती आवळे मोजून निघून गेली. मी चमचा धरून तशीच बसले. हावरी भूक. गोल चेहरा. ताप जाणं, गाठ वितळणं. दुसऱ्या वर्षाला आमच्या मॅडमनी फळ्यावर लिहिलं होतं, ते त्यांच्या अक्षरासकट आठवलं. स्टेरॉईड. आणि ते एकदम बंद करायचं नसतं, हेही तिथेच लिहिलेलं. मी त्या दिवसापासून पुडी निम्मी केली, पाच दिवस निम्मी दिली, मग थांबवली. हेही कुणाला न सांगता.

जितेशला म्हटलं, "थोडी राहिली आहे गाठ, एकदा नवी मुंबईला मोठ्या रुग्णालयात दाखवूया." सासूबाई म्हणाल्या, "मी कवाधरनं तेच बोलते."

तिथल्या रक्ताच्या आजारांच्या डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी रियाची मान, काखा, पोट तपासलं आणि उरलेली गाठ काढून तपासायला पाठवली. लोखंड लागलं. मी बाहेर बसून होते. तेव्हाही सांगू शकले असते. मनात म्हटलं, आता गाठ काढलीच आहे, जे असेल ते त्यात दिसेल. माझ्या सांगण्यानं काय होणार?

आठवड्यानं रिपोर्ट घ्यायला आम्ही चौघं गेलो; जितेश मोटरसायकलवर, आम्ही तिघी एसटीनं. खिडकीतून कागद मिळाला आणि जितेशनं सवयीनं तो माझ्या हातात दिला.

"वाच."

मी वाचलं. बहुतांश पेशी मृत. कॅन्सरची ठोस लक्षणं आढळली नाहीत. नमुना निष्कर्षासाठी अपुरा.

"काय?"

"कॅन्सर दिसला नाही, असं लिहिलंय."

खोटं नव्हतं. पण मी शेवटची ओळ वाचली नाही. जितेशनं भिंतीला टेकून डोळे मिटले, मग धावत जाऊन समोरच्या दुकानातून पेढे घेऊन आला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता, आणि रिया विचारत होती की पेढा आत्ता खायचा की डॉक्टरांनी खाल्ल्यावर.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "एवढ्या पेशी मेलेल्या का असाव्यात, ते मला नीट कळत नाही. जुना संसर्ग जिरताना कधी कधी असं दिसतं." मग वर बघून म्हणाल्या, "यापूर्वी कुठे तपासणी? सुई वगैरे?"

"कर्जतला झाली होती," जितेश म्हणाला. "साधी गाठ होती. रिपोर्ट घरी असेल."

"औषध काय दिलं होतं? गावठी काही? पुड्या, काढे?"

"छे छे, मॅडम. ही स्वतः बीएस्सी आहे."

मॅडम माझ्याकडे बघून थोडं हसल्या. सहकाऱ्याकडे बघून हसावं तसं. "बरं. मग आता काही करायला नको. तीन महिन्यांनी आणा." त्या लिहायला लागल्या. जितेशनं पेढ्यांच्या खोक्याचा दोरा सोडला.

मला हवं होतं ते सगळं त्या टेबलावर होतं. चिरफाड संपली होती, कॅन्सर नाही म्हणून कागद होता, माहेरचं नाव कुणी घेतलं नव्हतं. फक्त ते सगळं मी पुडीनं घडवलेलं होतं. रियाच्या मानेत जे होतं ते पुरतं मेलं नव्हतं, दबा धरून बसलं होतं. आणि तीन महिने त्याला मिळणार होते. मॅडमचं पेन ओळीच्या शेवटी आलं.

"मॅडम, थांबा."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. "साधी गाठ नव्हती. कर्जतच्या कागदावर लिम्फोमाची शंका लिहिली होती. मी घरात सांगितलं नाही. मी पुड्या दिल्या. स्टेरॉईड असावं. एकवीस दिवस पूर्ण, पाच दिवस निम्मी. गाठ त्यानं वितळली."

रियाच्या हातात पेढा होता. तिनं तो हळूच खोक्यात परत ठेवला.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी लिहिलेला कागद फाडला. पुडी केवढी, दिवसातून किती वेळा, शेवटची कधी, एवढं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "कर्जतच्या काचा कुठे आहेत? फेकल्या नाहीत ना?"

"घरी आहेत."

"त्या पुड्यांच्या आधीच्या आहेत. खरा आजार आता फक्त त्या काचांवर उरला आहे. आजच्या आज आणा."

सासूबाई रियाजवळ थांबल्या. जितेश आणि मी मोटरसायकलवर निघालो. पनवेल गेलं, शेडुंग गेलं, त्यानं गाडी कुठेच थांबवली नाही. घरी मी दुपटी उपसली आणि तळातून लिफाफा आणि डबी काढली. तो दारात उभा होता. लिफाफा त्यानं माझ्या हातातून घेतला आणि उभ्यानंच वाचला. इंग्रजी त्याला वाचता येतं. नेहमीच येत होतं.

"वाचलं होतंस ना तू हे?"

"हो."

"वाचून इथे ठेवलंस?"

"हो."

"मग मी कोणाला विचारायचं होतं, सोनाली?"

परतताना डबी मी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. खड्डा आला की तो गाडी हळू करायचा. माझ्यासाठी नाही, काचांसाठी, पण करायचा.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हाला बसवून समजावलं. सासूबाईंनी हट्टानं खुर्ची पुढे ओढली होती. मॅडम म्हणाल्या, शरीरात पहारा देणाऱ्या पेशी असतात, त्या अँटिबॉडी बनवतात. अँटिबॉडी बनवायचं जे जनुक असतं, त्याचे तुकडे प्रत्येक पेशी आपापल्या तऱ्हेनं जोडते. एकीची जुळणी दुसरीसारखी नसते, म्हणून तर शरीर हजार तऱ्हेच्या जंतूंना ओळखतं. गाठ नुसती संसर्गानं सुजली असेल, तर तिच्यात या हजारो वेगळ्या जुळण्या सापडतात. पण कॅन्सर म्हणजे एकाच पेशीची पिल्लावळ. मग सगळीकडे तीच एक जुळणी. काचेवरच्या पेशी कितीही थोड्या असल्या तरी त्यांच्यातली जुळणी मोजता येते.

सासूबाईंनी मान हलवली. "म्हंजे शाळा सुटल्यावर पन्नास पोरं भायेर येतात, पन्नास नाकं वेगळी. आन् सगळ्यांचं नाक एकसारखं असलं, तर समजायचं कोनीतरी एकच बाप हाय."

मॅडम पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "आजी, मी हे आता विद्यार्थ्यांना असंच सांगणार."

"सांगा. पन माझं नाव सांगू नका, गावात राह्यचंय मला."

मी विचारलं. मला विचारायचंच होतं. "मॅडम, जनुकाचं म्हणजे... माझ्याकडून आलं का? माझी बहीण गाठीनंच गेली."

"नाही. ही जुळणी तुमच्याकडून आलेली नाही, यांच्याकडूनही नाही. ती रियाच्या एका पेशीत, तिच्याच शरीरात झाली. यात कुणाचं घराणं नसतं. आणि बहिणीचं म्हणाल, तर गाठ कापल्यानं आजार पसरत नाही. बहुतेक वेळा माणसं कापायला येतात तेव्हाच उशीर झालेला असतो."

मी हे वाक्य पूर्वी वाचलेलं होतं. त्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकलं.

काचा आणि इथे काढलेल्या गाठीचा उरलेला तुकडा, दोन्ही जुळणीच्या तपासणीला गेले. रियाच्या कमरेच्या हाडातूनही नमुना घेतला. मॅडमनी बारा दिवस सांगितले. दर दोन दिवसांनी रक्त तपासून घ्यायला जायचं, बाकी घरी.

ते बारा दिवस घरात माझ्याशी सगळे बोलत होते, पण कामापुरतं. जितेश ताट पुढे घ्यायचा, 'मीठ' म्हणायचा. एके दिवशी शेजारच्या हिरूकाकू आपल्या सोनोग्राफीचा कागद घेऊन आल्या आणि सवयीनं माझ्यासमोर धरला. मी हात मागे घेतला. "काकू, डॉक्टरांनाच दाखवा." त्या गोंधळून माझ्याकडे, मग सासूबाईंकडे बघायला लागल्या. सगळ्या आळीला बातमी कळलेली होतीच. उठता उठता काकू म्हणाल्या, "पोरीला कसं काय झालं गं? आमच्या ह्या घरात तर कुनाला असलं नव्हतं. हिच्या बहिनीलाच ना ते..."

सासूबाई चुलीपुढून उठल्या. "हिरू, मोठ्या डॉक्टरनीकडनं मी समोर बसून ऐकलंय. ते घराण्याचं नसतं. तुला कळलं नसंल तर मी परत सांगते, पन मंग चहा नाय मिळनार."

काकू गेल्यावर मी म्हटलं, "आई, माझी बाजू कशाला घेता?"

"तुझी नाय घेतली. खरं ते बोलले." त्यांनी लाकूड आत सारलं. थोड्या वेळानं पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्या दिवशी डॉक्टरनीसमोर माझा हात उठत होता तुझ्यावर. पोरीच्या तोंडाकडं बघून आवरला. तू भ्यालीस ते मला समजतं. मीपन पोरं वाढवलीत, मीपन भ्यालेय. पन भ्यालेल्या बाईनं एकटीनं ठरवायचं नसतं, सोनाली. मी हुते ना घरात. सांगायचं हुतंस."

मी रडले नाही. रडायचा मला हक्क आहे असं वाटत नव्हतं. त्यांनी सांगितलं म्हणून भात उतरवला.

रियाच्या मानेला मात्र मी त्या बारा दिवसांत बोट लावलं नाही. डोळ्यांनी बघायची. अकराव्या दिवशी आंघोळ घालताना टाक्यांच्या वर, कानाच्या मागे, मला पुन्हा तो वालाचा दाणा दिसला. या वेळी मी तशीच ओल्या हातांनी बाहेर गेले आणि जितेश दाढी करत होता, त्याला सांगितलं. त्यानं आरसा खाली ठेवला. जाऊन रियासमोर उकिडवा बसला आणि दोन बोटांनी स्वतः बघितलं. पहिल्यांदाच. "फोन लाव मॅडमना," तो म्हणाला, आणि मी नंबर शोधत होते तोपर्यंत माझ्याशेजारी उभा राहिला.

मॅडमनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं; तपासणीचा निकालही आला होता. त्यांनी संगणकाच्या पडद्यावरचा आलेख आमच्याकडे वळवला. "ही साधी सुजलेली गाठ, दुसऱ्या कुणाची." तिथे ओळीनं लहान लहान उंचवटे होते, मधे थोडे मोठे, कडेला उतरत गेलेले, लांबून डोंगररांग दिसावी तसे. "आणि या रियाच्या काचा." सपाट जमीन आणि एकच सरळ सुळका. काही विचारायची गरज नव्हती. जितेशलाही नव्हती, सासूबाईंनाही नव्हती.

"मेलेल्या तुकड्यातही हाच सुळका आहे, पण बारीक," मॅडम म्हणाल्या. "नुसत्या त्याच्यावर मी खात्रीनं बोलू शकले नसते. काचांमुळे बोलते आहे. हाडातल्या नमुन्यात हीच जुळणी अगदी थोडी सापडली." त्यांनी हात टेबलावर ठेवले. "हा बी पेशींचा, म्हणजे त्या पहारा देणाऱ्या पेशींचाच, लिम्फोमा आहे. लहान मुलांतला हा प्रकार बऱ्याच जणांचा बरा होतो. दोन वर्षांच्या वर उपचार चालेल. पुड्यांनी सुरुवातीचं चित्र पुसलं, त्यामुळे आजार किती होता ते मला आता नक्की कळणार नाही, आणि म्हणून मला उपचार जरा जड धरावा लागेल. तेवढं नुकसान झालेलं आहे. पण आजाराची खूण आता आपल्याकडे आहे. दर थोड्या महिन्यांनी आम्ही हीच जुळणी शोधू. ती दिसेनाशी होत गेली की औषध चालतंय असं समजायचं."

"आणि दिसली तर?" जितेशनं विचारलं.

"तर तुम्हाला तसंच सांगेन."

दोन दिवसांनी रियाला दाखल केलं. मुलांच्या वॉर्डात भिंतीवर मासे काढलेले होते आणि आल्या आल्या त्यातला बोंबील कुठला ते तिचं शोधून झालं होतं. नर्सनं फॉर्म आणला. पूर्वीचे आजार, ॲलर्जी, लसी. मधे एक ओळ होती: या आजारासाठी यापूर्वी घेतलेले उपचार. नर्स म्हणाली, "नसेल तर रेघ मारा."

फॉर्म जितेशसमोर होता. त्यानं ती ओळ वाचली आणि कागद, पेन माझ्याकडे सरकवलं. मी लिहिलं: स्टेरॉईड असलेली भुकटी, एकवीस दिवस पूर्ण, पाच दिवस निम्मी, आईने दिली. खाली सही केली. त्यानं वाचलं. 'आईने दिली' वर त्याची नजर थांबली होती. मग त्यानं शेजारी आपली सही केली आणि नर्सला सांगितलं, "हे मॅडमना नक्की दाखवा."

सासूबाई रियाच्या पायाशी बसून तिच्या बाहुलीची वेणी उलगडत होत्या. नर्स ट्रे घेऊन आली. रियानं ट्रेकडे बघितलं, मग बाबांकडे, आजीकडे, आणि शेवटी माझ्याकडे.

"आई, दुखेल?"

आजीचे हात वेणीत थांबले. नाही म्हणणं माझ्या ओठांवर आलं होतं. कुठलीही आई तेच म्हणते.

"हो. दुखेल."

"किती?"

"मला माहीत नाही, बाळा."

तिनं थोडा विचार केला. खालचा ओठ बाहेर आला, पण रडली नाही.

"मग तू इथेच बस," ती म्हणाली, आणि हात पुढे केला. मी कॉटच्या कडेला बसले. तिनं माझा अंगठा घट्ट धरला आणि नर्सला सांगितलं, "आता करा."